दोन तासांची पाटी

मित्रांनो, या डोंगरावर सत्य एकच होतं, आणि ते गेली त्रेचाळीस वर्षं माझ्या अंगावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'वरची धर्मशाळा, २ तास.'

ते साफ खोटं होतं.

मी इन्सब्रुक शहराच्या डोक्यावर, बरोबर हजार मीटरवर रोवलेली एक लाकडी पिवळी पाटी. आमच्याकडे वाटेवर अंतर लिहीत नाहीत, चालायला लागणारा वेळ लिहितात. वेळ ज्याची त्याची, शिव्या मात्र माझ्या. नवी होते तेव्हा लोक शेजारी उभे राहून फोटो काढून घेत. मग रंग विटला, गायी येऊन पाठ घासू लागल्या. गावातले म्हणतात, "दोन कसले, दीड तासात जातो." बाहेरचे धापा टाकत म्हणतात, "खोटारडी!" मी काय करणार? मला तोंड नाही, नुसता बाण आहे.

या उन्हाळ्यात वीबकेबाई आल्या. उत्तरेच्या समुद्रकाठच्या, पोस्टातून निवृत्त, वय सहासष्ट, आणि जन्मात पहिल्यांदाच एकट्या प्रवासाला निघालेल्या. सोमवारी त्यांनी मला वाचलं, घड्याळ पाहिलं आणि निघाल्या. साडेतीन तासांनी परत! बुधवारी पुन्हा तेच. बरोबर दोन तास चालायचं, धर्मशाळा दिसली नाही की वाट चुकली असं समजून माघारी फिरायचं. पोस्टातल्या बाई, लिहिलेल्यावर केवढा विश्वास! 'अहो, अजून तासभर चाला!' असं मी मनातल्या मनात ओरडून दमले.

शुक्रवारी त्या माझ्याजवळच्या दगडावर बसल्या आणि बहिणीला फोन लावला. "तुझंच खरं गं, हिल्के. एकटीला नाही जमत. उद्या दुपारची गाडी आहे. आता बसने खालीच जाते."

एवढ्यात कासिआन वर आला. वाटा राखणारा, आता एकाहत्तरीचा.

"काय गं, दमलीस?"

"आपली ओळख नाही. अहो म्हणा."

"अहो-जाहो पाटीच्या खाली. हजार मीटरच्या वर सगळे अरे-तुरे. दंतवैद्य काय नि गुराखी काय. चढावर अहो म्हटलं की धाप लागते."

"बरं, मग तूच सांग. धर्मशाळा आहे तरी कुठे? दोनदा दोन-दोन तास चालले, दोनदा वाट चुकले."

"चुकली नाहीस. तीन तास लागतात."

"मग हे दोन कुठल्या गाढवाने लिहिलंय?"

कासिआनने माझ्याकडे पाहिलं. मी कुठे पाहणार? मग तो माझ्याखाली एक पाऊल उतरला आणि त्याने टोपी काढली.

"बाई, ते गाढव तुमच्यासमोर उभं आहे. वेळ मोजायला मलाच पाठवलं होतं. वर स्वयंपाकघरात रोझमुंडे कामाला होती. मी पळत गेलो. तुमचे दोन दिवस माझ्यापायी वाया गेले. माफ करा."

"मग नंतर खोडलं का नाही?"

"पाटी वाचून गावातला एकेक जण दोन तासांत जाऊन दाखवायला लागला, बाई. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि ती रोझमुंडे भेटली का?"

"त्रेचाळीस वर्षं रोज भेटते आहे. आता मी सावकाश जातो."

वीबकेबाई हसल्या, दगडावरून उठल्या आणि पिशवी पाठीला लावली. "ये वर. खाली उभा राहून अहो-अहो करू नकोस. आणि हे बघ, मी एकटी जाणार आहे. तू मागून ये."

शनिवारी सकाळी त्या उतरल्या. नाक उन्हाने लाल झालेलं, आवाज चढलेला. "हिल्के! तीन तास दहा मिनिटं! हो, एकटीच! नाही गं, मागे एक म्हातारा होता, पण तो फारच रेंगाळत होता."

थोड्या वेळाने म्हातारा डबा-कुंचला घेऊन आला आणि त्याने दोनाचे तीन केले. जुन्या दोनावरच गिरवलं, त्यामुळे तो तीन जरासा बदकासारखा दिसतो.

तेव्हा मित्रांनो, वाटेवरच्या पाट्यांना जपा, आपल्या पायांना कमी लेखू नका, असं बरंच काही सांगायचं मनात होतं. पण तूर्तास एवढंच करा.

रंग ओला आहे, टेकू नका.