दोन तांबे गोडं पाणी

मी उन्हाची पेटी बोलतेय. पालमजवळच्या एका वाडीत, सारजाबाईच्या घराच्या सपाट माळवदावर माझा मुक्काम. तसं माझं नाव मोठं भारदस्त होतं, पण ते मला वाडीत आणणाऱ्या सरकारी साहेबांबरोबर परभणीला परत गेलं.

सत्त्याऐंशी साली रंगनाथ मिस्त्रीनं पत्रा ठोकून मला घडवलं. वाडीच्या विहिरीचं पाणी खारं. त्यात डाळसुद्धा शिजत नसे. ते माझ्या काळ्या तळात ओतायचं. ऊन तापलं की तिरक्या काचेला आतून घाम सुटतो आणि गोडं पाणी ओघळत मडक्यात पडतं. उरलेल्या झळीवर खालच्या जाळीत मिरच्या, गवारीच्या शेंगा वाळतात. एका उन्हात दोन कामं! पाणी मात्र दिवसाला दोनच तांबे.

ते दोन तांबे सारजाबाईच्या नवऱ्यासाठी होते. आप्पारावांना मूतखडा. खारं पाणी सोडलं नाही तर किडन्या जातील, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून तर तिनं साहेबांशी भांडून मला मागून घेतलं.

पण आप्पाराव पडले मोठ्या मनाचे. गोड्या पाण्याचं घर म्हटल्यावर रिकामटेकड्यांनाही वाट सापडली. ओट्यावर विद्यापीठाच्या नामांतराचा वाद रंगायचा, दोन्ही बाजूंचे घसे सुकायचे आणि दोन्ही बाजू माझंच पाणी प्यायच्या.

"आवं, डाक्टर काय म्हनला इसरलाव का?" सारजाबाई कळवळायची.

"दारात आलेल्याला खारं पानी देऊ का? लोक काय म्हनतील?" असं म्हणून आप्पाराव स्वतः खारंच प्यायचे. मला फार राग यायचा. हात असते तर मीच मडकं लपवलं असतं.

मिरच्या छान वाळल्या. आप्पारावही वाळत गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात अंगावर सूज चढली, लघवी बंद झाली आणि ते गेले.

माणसं भेटायला आली. सारजाबाईनं सवयीनं तांब्या पुढं केला. "न्हाई बाई, सुतक हाय," म्हणत शेजारच्या चांगुणाबाईनं हात जोडले. सुतकाच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. सारजाबाईच्याही घशाखाली ते उतरेना. तरी रोज सकाळी ती वर येऊन मला भरायची. दहा दिवस कडक ऊन पडलं आणि माझं मडकं भरून वाहिलं.

आता ती वर येत नाही. माझी काच धुळीनं आंधळी झालीय, जाळीत मुंग्या आहेत. मला दुरुस्त करायला कुणी येऊ नका. फक्त कुणाच्या दारी गोड्या पाण्याचा तांब्या पुढं आला, तर ओठाला लावण्याआधी एवढं विचारा, घरातला माणूस काय पितोय?