मा-लिकेलेदीचं पांढरं निशाण

पैज लावतो, यातलं एक अक्षर तुम्हाला खरं वाटणार नाही. माझ्या सख्ख्या बायकोला वाटलं नाही, आणि ती तर तिथे हजर होती! पण आता या अंगणात बसलाच आहात, दारूचा डबा हातोहात फिरतोच आहे, तर ऐका. हे अंगण आज शाबूत आहे ते एका घोड्यांच्या शर्यतीमुळे. आणि खरं सांगायचं तर माझ्यामुळे.

आपल्या डोंगरात ज्या घरी ज्वारीची जोआला, आपली घरची दारू, उतरते, त्या घरावर काठीला पांढरं फडकं चढतं. माणसांना ते दिसतं, पण माणसांच्या आधी त्यांच्या घोड्यांना. माझा त्सुकुलू तर दोन डोंगरांपलीकडून फडकं हुंगायचा. मी खोगिरावर घोरत असलो तरी मला बरोबर दारात नेऊन उभा करायचा आणि डबा रिकामा झाल्याशिवाय खूर उचलायचा नाही. का, तर तळाचा गाळ त्याचा!

सगळ्यात दाट, सगळ्यात कडक जोआला मा-लिकेलेदीची. तिच्या दाराची रीतही पक्की. डबा भरायचा, पहिला घोट तिने स्वतः घ्यायचा, मग पाहुण्याच्या हातात द्यायचा. म्हणजे डब्यात विष नाही, आणि मनातही नाही.

मग तिचा नवरा खाणीतून परत आला तो खोकत, वाळत आला, आणि आम्ही त्याला पुरला. तिने दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घेतलं. एचआयव्ही निघाला. तिने गोळ्या सुरू केल्या आणि कोणापासून लपवलं नाही. झालं! तिच्या निशाणाखाली कुत्रंसुद्धा फिरकेना. नर्स पुसेलेत्सो घसा फोडून सांगायची, "अहो न्ताते, अहो बाबांनो, घोटातून नाही लागत तो! डब्यातून नाही, हातातून नाही!" आम्ही माना डोलवायचो आणि पलीकडच्या घरी जाऊन तिथलं पुचाट पाणी प्यायचो.

"तो पहिला घोट तेवढा सोड ना गं," माझी बायको तिला म्हणाली. "लोक येतील."

"सोडला तर म्हणतील, विष घातलंय. घेतला तर म्हणतात, हीच विष आहे. मग घेऊनच बदनाम होते गं बाई, म्मे!"

पण बदनामीवर घरातल्या पोरी जगत नाहीत. शर्यतीच्या दिवशी सकाळी तिने फडकं चढवलं आणि सांगून टाकलं, "आज ऊन कलेपर्यंत कोणी आलं नाही, तर हे उतरवते ते कायमचं. पोरींना घेऊन खाली शहरात जाते, कारखान्यात कपडे शिवायला."

ऊन कलायला आलं, अन् इकडे माळावर आम्ही रांगेत उभे! माझ्या शेजारी लोकरीचा व्यापारी मोत्लोमेलो, त्याच्या करड्या घोड्यावर. गावात सगळ्यात मोठं तोंड त्याचं. कोणीतरी मा-लिकेलेदीचं नाव काढलं, तर हा गरजला, "त्या गोळ्यावालीच्या दारात माझा घोडासुद्धा थुंकणार नाही!"

तेवढ्यात शिट्टी झाली, आणि काय सांगू! त्सुकुलू असा सुटला की त्याची सावली रांगेतच राहिली आणि "थांब, थांब" करत मागून धावली. माझी टोपी उडाली ती दुसऱ्या दिवशी पलीकडच्या जिल्ह्यात सापडली, घामाने ओलीचिंब!

"न्ताते सेखोबे," मेंढ्या कातरणारा हा कातलेहो आत्ता हसतोय बघा, "टोपीला घाम येतो होय?"

तू गप रे. तुझी मेंढी अर्धी कातरून तशीच हिंडतेय, आधी ती बघ.

तर, वळणावर मी सगळ्यांच्या पुढे! अन् तेवढ्यात वारा उठला आणि टेकडीवर मा-लिकेलेदीचं फडकं फाडकन उलगडलं. त्सुकुलूचे कान टवकारले. मी लगाम खेचला. लगाम हातात आला, घोडा नाही! शर्यतीची वाट सोडून हा निघाला सरळ टेकडीवर. आता गाव मला हसणार म्हणून मागे पाहतो तो काय, सगळेच्या सगळे घोडे माझ्यामागे! पिणाऱ्यांचे घोडे ते, त्यांना फडकं ओळखीचं. गावातली कुजबुज त्यांच्या कानावर कोणी घातलीच नव्हती! मोत्लोमेलोचा करडा तर गुरांच्या वाड्याच्या दगडी भिंतीवरून उडी मारून गेला. वर मोत्लोमेलो बोंबलतोय, "अरे तिकडे नाही, मेल्या, तिकडे नाही!" लोकांना वाटलं, शर्यतीची वाटच बदलली. तेही धावले, घोंगडी फडकावत, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, खुद्द गावचा मुखिया, सगळे!

याच अंगणात येऊन घोडे थबकले. टाच मारा, शिव्या घाला, एक हलेल तर शपथ. मा-लिकेलेदीचा हात निशाण उतरवायला काठीवर गेलेलाच होता. तिने आमच्याकडे पाहिलं. आत गेली, डबा भरून आणला, सगळ्यांदेखत पहिला घोट घेतला, ओठ पुसले आणि डबा पुढे धरला.

"घ्या. घोडे आलेत, माणसं पण आलीत का, ते बघू दे."

कोणी हात पुढे करीना. मोत्लोमेलो आभाळाकडे बघतोय. मुखिया जोडे बघतोय. तिने डबा आणखी पुढे केला. आणि तेव्हा, पोरांनो, मी खाली उडी मारली! छाती काढून पुढे झालो, तिच्या हातातला डबा घेतला आणि गटागटा, एका दमात! मग काय! नर्स पुसेलेत्सो नाचायला लागली, मुखिया प्याला, शेवटी मोत्लोमेलोही प्याला आणि वर मागून प्याला. दुसऱ्या दिवशी नर्स ज्या झाडाखाली बसते तिथे रक्त तपासायला ही रांग! अर्धं गाव आज गोळ्या खाऊन ठणठणीत आहे ते कोणामुळे? माझ्या त्या एका घोटामुळे! सगळ्यांच्या आधी, न डगमगता, मी...

"थाप!" मा-लिकेलेदी रांजणाजवळून ताडकन उठली. "न्ताते सेखोबे, शुद्ध थाप! तुम्ही घोंगडं नाकापर्यंत ओढून खोगिराला चिकटून बसला होतात. माझ्या हातातल्या डब्यात पहिलं तोंड घातलं ते त्सुकुलूने! तुम्ही प्यालात ते नंतर, तो मरत नाही ना, हे नीट बघून झाल्यावर!"