पाहिले, सही, तारीख

जनरलसाहेब निवृत्त झाले तेव्हा सुरुवातीचे काही दिवस बंद दारापाशी जाऊन नुसते उभे राहायचे. छत्तीस वर्षं समोरचं दार कोणी ना कोणी उघडत आलं होतं. फोन वाजला तरी त्याच्याकडे बघत बसायचे. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तो आता आपला आपणच उचलायचा असतो. आणि माझे डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे करणं थांबवा. एक तर तुम्ही कुठंतरी नोकरी धरा, नाहीतर मी धरते."

नोकरी मिळायला वेळ लागला नाही. एका मोठ्या गोदाम कंपनीला सुरक्षा सल्लागार हवा होता. खरं म्हणजे त्यांना माहितीपत्रकावर छापायला एक भारदस्त हुद्दा हवा होता, पण ते साहेबांच्या लक्षात फार उशिरा आलं. काचेची केबिन मिळाली. टेबलावर दोन ट्रे होते, एक आलेल्या कागदांचा, दुसरा पुढं जाणाऱ्यांचा. खुर्चीत बसले तरी पाठ ताठच्या ताठ, म्हणून हमालांनी आठवड्याभरात त्यांचं नाव 'काटकोन' ठेवून दिलं. ते कानावर आलं तेव्हा साहेबांना मनातून जरा बरंच वाटलं.

माणूस वाईट नव्हता, बरं का. त्यांच्या पलटणीतला एक हवालदार निवृत्त होऊन घरी बसला होता. त्याच्यासाठी त्यांनी स्वतः शब्द टाकला आणि त्याला तिथं पहारेकरी म्हणून लावून घेतलं. हवालदार रोज सकाळी केबिनसमोरून जाताना टाच आपटायचा. गोदामाचा मॅनेजर जनरलसाहेबांच्या धाकट्या मुलाच्या वयाचा होता. तो म्हणायचा, "हवालदार, फरशी नवीन आहे हो, जरा दमानं." हवालदार हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच जोरात आपटायचा.

एका सकाळी त्यानं साहेबांसमोर कागद ठेवला. स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मालाच्या लिफ्टचं दुसऱ्या मजल्यावरचं दार लिफ्ट खाली असतानाही ओढलं की उघडतं. धोका आहे.

साहेबांनी तो दोनदा वाचला. मग खाली लिहिलं, 'पाहिले.' सही केली, तारीख घातली आणि कागद पुढं जाणाऱ्या ट्रेमध्ये ठेवला.

"शाबास. बारीक नजर आहे तुझी अजून," ते म्हणाले.

हवालदाराची छाती फुगली. टाच आपटून तो गेला.

आता हा शब्द एवढासा, पण फौजेत त्याचं वजन वेगळं. एवढ्या वरच्या माणसानं 'पाहिले' म्हटलं की खालची यंत्रणा हलते. एक कॅप्टन तो कागद उचलतो, दुसऱ्याला दम देतो, तिसरा पाना-हातोडी घेऊन पळतो. साहेबांना यातलं काहीच बघावं लागत नसे. त्यांनी हजारो कागदांवर हा शब्द लिहिला असेल, आणि दर वेळी काम होऊन गेलं होतं. इथं त्या ट्रेमधले कागद संध्याकाळी सफाईवाली बाई उचलायची आणि कपाटात नीट रचून ठेवायची. कारण तिला तेवढंच सांगितलेलं होतं.

एकोणीस दिवसांनी भरदुपारी हवालदार त्या दारातून दोन मजले खाली कोसळला.

कमरेखालचं सगळं गेलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जीव वाचला हेच पुष्कळ, चालण्याचं विसरा.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर केबिनमध्ये आला आणि दार लोटून घेऊन उभाच राहिला.

"साहेब, लिफ्टबद्दल एखादा कागद आला होता का आपल्याकडे? मी कपाट बघितलं. तसं काही *नाहीये* तिथं."

'नाहीये' तो असा म्हणाला की साहेबांना समजलं, कागद सापडला होता आणि नाहीसा केला गेला होता.

"पाहावं लागेल," साहेब म्हणाले.

"कशाला त्रास घेता? हवालदारानं शुद्धीवर आल्यावर स्वतःच लिहून दिलंय, माझं लक्ष नव्हतं म्हणून. प्रामाणिक माणूस आहे हो. तुमच्या तालमीतला ना." मॅनेजरनं खुर्ची नीट सरकवून ठेवली. "चौकशी आजच मिटतेय. आपण मनाला लावून घेऊ नका."

ज्यांच्या आवाजानं मैदान दणाणायचं, त्या साहेबांना एक 'थांबा' म्हणता आलं नाही. हवालदारानं तसं का लिहून दिलं? आपल्याला सांभाळून घ्यायला? असेल, तर त्याला तोंड कसं दाखवायचं? या विचारात तीन दिवस गेले. घरी बायकोनं रोज विचारलं, "जाऊन आलात?" आणि रोज त्यांनी पेपरचं पान उलटलं. चौथ्या दिवशी ती काही न विचारता त्यांचे बूट दारात आणून ठेवून गेली.

दवाखान्याच्या बोळात हवालदाराची बायको बाकावर बसली होती. ती उठली नाही.

"आलात," ती म्हणाली. "मोठी कामं असतात, वेळ होत नसेल. ते आपले पावलांचा आवाज आला की दाराकडे बघतायत."

"कसा आहे?"

"अंगानं म्हणता की डोक्यानं? स्वतःलाच शिव्या घालतायत. जेवत नाहीत. तुमचंच ऐकतील, दोन शब्द बोला."

साहेब आत गेले. चादरीखाली हवालदारानं खांदे ताठ केले. तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

"पडून राहा," साहेब म्हणाले आणि स्टुलावर बसले.

"माफी करा साहेब. तुम्ही मला चिकटवलंत, आणि मी तुमचं नाव घालवलं."

"झालं काय नेमकं?"

"हमाल जेवायला गेले होते. म्हटलं, एवढी एक ढकलगाडी आपणच नेऊन ठेवू. ओढत मागं मागं गेलो, पाठीमागं हात घालून दार ओढलं. उघडलं. आधी मी दर वेळी वळून बघायचो साहेब. पण तुम्ही माझ्यासमोर शेरा मारलात, त्याच्यानंतर म्हटलं आता बघायचं काय? काम झालंच असणार."

साहेबांनी हात गुडघ्यांवर ठेवले होते, ते तिथंच राहिले.

"तिथंच माझं डोकं अडतंय," हवालदार म्हणाला. "दुरुस्त केलेलं दार लिफ्ट नसताना उघडेल कसं? म्हणजे लिफ्ट होती. मीच गाडी तिरकी घेतली असणार, बाजूच्या फटीतून गेलो असणार. पण फट केवढी साहेब? वीतभर. मी रात्रंदिवस तेच जुळवतोय. ही म्हणते, डोक्याला मार लागलाय, होतं असं. पण मला सगळं नीट आठवतंय. नीट आठवतंय आणि ते जुळत नाही, म्हणजे माझं डोकंच गेलं असणार ना?"

तर असं होतं ते. त्यानं साहेबांना सांभाळून घेतलं नव्हतं, त्याला सांभाळण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं. साहेब आता नुसते 'आराम कर' म्हणून उठू शकत होते. केबिन राहिली असती, हुद्दा राहिला असता, आणि या भाबड्या जिवाचं प्रेमही राहिलं असतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. देवानं त्या घटकेला त्यांचा हात धरला असेल, मला दुसरं काही म्हणता येत नाही.

"दार दुरुस्त झालं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही साहेब, तुमचा शेरा—"

"शेरा मारला, आणि विसरलो. कुणाला सांगितलं नाही. झालं का म्हणून विचारलंही नाही. माझ्या सहीनं कामं होतात, या गुर्मीत होतो. इथं होत नाहीत. आणि त्या दिवशी मॅनेजरनं मला विचारलं, कागद आला होता का, तेव्हा मी गप्प बसलो. उद्या लेखी देणार आहे सगळं. त्यांनी मानलं नाही तरी देणार आहे."

हवालदार छताकडे बघत होता.

"म्हणजे गाडी सरळ होती," तो म्हणाला.

"हो."

"फट-बिट काही नाही."

"नाही."

"माझं डोकं ठीक आहे."

"ठीक आहे. तुझं काहीच चुकलं नाही."

त्याचे खांदे हळूहळू खाली आले आणि उशीत रुतले. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं. साहेबांनी त्याच्या हाताकडे हात नेला. हवालदारानं आपला हात चादरीत घेतला.

"लेखी त्यांना द्या," तो म्हणाला. "मला काही नको. माझ्या बायकोला आत पाठवा."

"मी बसतो थोडा वेळ. तुझी हरकत नसेल तर."

"बायकोला पाठवा."

जनरलसाहेब उठले, दार स्वतः उघडलं आणि तिला बोलवायला गेले.