पताकांत हरवलेला बावटा

लाल बावटा म्हटलं की तुम्हाला मोर्चा आठवत असेल. पण मित्रांनो, मी मोर्चात कधी गेलो नाही. मी अर्नाळ्याच्या बेटावर, किनाऱ्यालगतच्या उंच खांबावर राहणारा एक जुना बावटा आहे, धोक्याचा. समुद्र बिघडला की मला वर चढवतात. मी वर दिसलो की बेटावरची होडी गावाकडे जायची नाही आणि गावाकडची बेटावर यायची नाही, एवढा साधा माझा कायदा.

माझ्या आधीचा बावटा तौक्ते वादळात चिंध्या होऊन उडून गेला. तेव्हा यमुनाबाईने पेटीतून लाल लुगडं काढलं आणि सरळ कात्री चालवली. तिचा नवरा दिनानाथ हा माणसं नेणाऱ्या होडीचा तांडेल. होडी त्याच्याच हातात असते. तो हळहळला, "अगं, एवढं चांगलं लुगडं फाडतेस?"

"चांगलं हाय म्हनून तर लांबून दिसंल," ती म्हणाली. "तू पान्यात असतोस. मी लुगडं घेऊन काय करू?"

असा माझा जन्म झाला. उरलेलं अर्धं लुगडं तिने घडी करून पुन्हा पेटीत ठेवलं.

सुरुवातीला काय माझा थाट होता! आगाशीच्या बाजाराला मासळी घेऊन निघालेल्या बायका पाट्या खाली ठेवून आधी खांबाकडे बघायच्या आणि मगच पाण्यात पाय घालायच्या. मी जरा शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू? पुढे मोबाइलवर हवामानाचे इशारे येऊ लागले आणि माझं कौतुक ओसरलं. माझी दोरीसुद्धा कुणीतरी बोंबील वाळत घालायला नेली, ती यमुनाबाईने भांडून परत आणली. दिनानाथने मात्र सवय सोडली नाही. होडी सोडण्याआधी तो खांबाकडे बघणार म्हणजे बघणारच.

त्या वर्षीची नारळी पौर्णिमा मी जन्मात विसरणार नाही. दर्याला नारळ वाहायचा, होड्या सजवायच्या, म्हणून अख्खं बेट नटलं होतं. सजावटीचं काम जितेंद्रकडे होतं. हौशी पोरगा! त्याने किनाराभर लाल, पिवळ्या, हिरव्या पताका लावल्या. एक माळ तर माझ्याच खांबाला आणून बांधली. यमुनाबाई घरात नारळीभात करत होती. तिची लेक अक्षदा आगाशीला दिलेली. ती छोट्या ओवीला घेऊन सणाला माहेरी यायची होती आणि दिनानाथ त्यांना आणायला होडी घेऊन पलीकडे गेला होता.

इतक्यात मोबाइलवर इशारा आला. जोराचा वारा सुटणार, लाटा उंच होणार, कुणी पाण्यात उतरू नये. यमुनाबाई भाताचा डाव हातात घेऊनच धावली. तिने मला सरसर वर चढवलं आणि निश्चिंत होऊन घरी गेली. बावटा लावलाय, आता नवरा तिकडेच थांबेल, असं तिला वाटलं.

पण माझ्या डावीकडे पताका, उजवीकडे पताका. मी जीव तोडून फडफडत होतो, पण तिथे सगळेच फडफडत होते. दिनानाथने पलीकडून नेहमीसारखं खांबाकडे बघितलं. त्याला नुसती रंगांची गर्दी दिसली. काठाजवळचं पाणी शांत होतं. त्याने लेकीला आणि नातीला होडीत घेतलं आणि होडी सोडली.

यमुनाबाई पुन्हा किनाऱ्यावर आली, तर होडी पाण्यात दिसली.

"अगं बाई, होडी निघाली कशी? मी बावटा लावलाय ना!"

तिने फोन लावला. दिनानाथचा मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीखाली ठेवलेला असतो, तो कुठला ऐकायला जातो? अक्षदाही उचलेना. मग यमुनाबाईने वर बघितलं. आणि मित्रांनो, जिने मला आपल्या हाताने चढवलं होतं, तिलाच मी चटकन सापडलो नाही.

"जितेंद्रा!" ती ओरडली. "पताका उतरव! सगळ्या!"

"काकी, आज सनाचा दिवस. अजून नारळ वाहायचाय. अपशकुन होईल!"

"मेल्या, नारळाआधी दर्या माझी पोर घेईल! उतरव म्हनते ना!"

जितेंद्रने एकदा होडीकडे बघितलं. मग सुरी काढून त्याने पहिली माळ कापली, माझ्याच खांबावरची. ते बघून बायकांनी आरतीची ताटं वाळूत ठेवली आणि हाताला येईल ती दोरी ओढली. होड्यांवरच्या पताकाही पडल्या. नटलेला किनारा बघता बघता उघडा झाला. वर राहिलो फक्त मी.

होडी माघारी वळली! दिनानाथने मला बघितलं होतं. पाठोपाठ असा वारा आणि पाऊस आला की पलीकडचं काहीच दिसेना. खाडीच्या तोंडाशी लाटा घराएवढ्या उठत होत्या. अखेर यमुनाबाईचा फोन वाजला.

"आई, आम्ही काठाला लागलो. ओवी भिजलीय फक्त."

यमुनाबाई ओल्या वाळूत बसली आणि मोठ्याने रडली. जितेंद्र पताका गोळा करायचं सोडून तिच्या शेजारी बसून राहिला.

तेव्हापासून बेटावर कुठल्याही सणाला लाल पताका लावत नाहीत. माझा तर केवढा लाड! पौर्णिमेला हार घालतात, हात जोडतात. पण ऊन आणि खारा वारा काही लाड करत नाही. माझा रंग उडून मी सुकटीसारखा फिक्कट झालोय. परवा मी खांबावर असतानाही दिनानाथ अर्ध्या वाटेपर्यंत आला, तेव्हा कुठे त्याला मी दिसलो. त्या रात्री यमुनाबाईने उरलेलं अर्धं लुगडं पेटीतून काढलं आणि कात्रीही घेतली. मग तो पौर्णिमेचा दिवस आठवून तिने डोळे पुसले आणि सगळं परत ठेवून दिलं.

"यानेच माझी पोर राखली," ती म्हणाली. "याला कसा उतरवू?"

मला तिची माया कळते. पण माझी भीतीही खरी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण ज्याच्या भरवशावर माणसं पाण्यात उतरतात, त्याचा रंग उडू देऊ नका. ओवी आता शाळेत जाते. तुम्हाला कधी भेटली, तर तिच्या आजीला माझा एवढा निरोप द्यायला सांगा. म्हणावं, लुगडं चांगलं आहे, म्हणूनच फाड.