श्वास सोडल्यावरचं माप

शिंप्याच्या गळ्यात लोंबतो ना, तसला मी एक कापडी टेप. साठ इंचांचा. अंगावर रेघा आणि आकडे आहेत म्हणून लोकांना वाटतं, याला सगळं नेमकं ठाऊक असणार. तसं नाही. आता सांगतोय त्यातलं खरंच किती आठवतंय आणि किती ड्रॉवरच्या अंधारात पडल्या पडल्या मी मनाने जोडलं, याची मला शंका आहे. तुम्हीही थोडी धरा.

दुकान मात्र पक्कं आठवतं. नुकतंच लग्न झालेली एक मुलगी आम्हा तीन टेपांना काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून ताडून बघत होती. दुकानदार वैतागला. "बाई, टेप घेताय की सोनं?"

"सोनं एकदाच फसवतं हो. टेप रोज फसवेल," ती म्हणाली आणि मला गळ्यात घालून चालू पडली.

तिचा कारखाना म्हणजे जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा. जेवायची वेळ झाली की कापड सरकायचं, ताटं उचलली की पुन्हा पसरायचं. यजमानांच्या जुन्या पँटीतून लेकीचा कोट निघाला, मोडक्या छत्र्यांमधून वटवाघळाचे पंख निघाले. शाळेच्या नाटकासाठी तिने हिरव्या पडद्यांची मगर शिवली, तिच्या पोटात सहा मुली एकामागून एक चालायच्या. शेपूट ऐनवेळी आखूड पडलं, तर तिने स्वतःच्या शालीला कात्री लावली.

"अगं, नवी शाल ना ती?" शेजारीण कळवळली.

"थंडी दरवर्षी येते. मगर एकदाच येणार आहे."

मोजायची तिची एक रीत होती. माप द्यायला उभी राहिली की माणसं बदलतात. पोट आत जातं, छाती पुढे येते, श्वास वर अडकतो. ती मला त्यांच्याभोवती धरून ठेवायची, पण आकडा वाचायची नाही. काहीबाही बोलायची, हसवायची. श्वास सुटला की त्याच क्षणी वाचायची आणि मापांच्या वहीत लिहायची. "श्वास सोडल्यावर माणूस जेवढा उरतो, तेवढाच खरा," असं तिचं म्हणणं.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक घरातलंच होतं. यजमान विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायचे. मोजमापातल्या चुका हा त्यांचा खास विषय. ते मुलाखतीला उभे राहिल्यासारखे ताठ व्हायचे. ती म्हणायची, "अहो, कोट तुमच्यासाठी शिवतेय, तुमच्या पदवीसाठी नाही. हवा सोडा." मग ते हसायचे, हवा सुटायची. आणि लगेच, "पुन्हा एकदा मोज."

"माझ्याशी लग्न करताना किती वेळा मोजलं होतंत?"

"एकदाच. घाईत."

"म्हणूनच बरोबर आलं."

मग ती आजारी पडली. यजमानांच्या निवृत्तीच्या समारंभाला दोन महिने होते आणि तिने हट्ट धरला, कोट मीच शिवणार. पलंगावर बसून तिने माप घेतलं. त्या दिवशी तिचं वाक्य म्हणून झालं, पण ते हसले नाहीत. श्वास सुटला, तो कसा ते मला नीट सांगता येत नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं. बऱ्याच ओळी होत्या. मी तिच्या गळ्यात उलटा पडलो होतो, मला काही दिसलं नाही.

कोट तयार झाला आणि खुंटीवर अडकवल्यासारखा त्यांच्या अंगावर लोंबला. खांदे उतरलेले, छातीत मूठभर कापड जास्त. घरात सगळेच थकलेले. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हा टेप सैल झालाय. फेकून दे तो. काही धड होत नाहीये आता या घरात."

ती म्हणाली, "असू दे हो. कोट आहे, कातडी नाही."

समारंभाला ते जुना स्वेटर घालून गेले. त्यानंतर सोळाव्या दिवशी ती गेली.

मी ड्रॉवरमध्ये बटणांच्या डब्याशेजारी पडलो. यजमानांना काही चैन पडेना. ड्रॉवर उघडायचे, मला हातात घ्यायचे, परत ठेवायचे. शेवटी एकदा त्यांनी मला लोखंडी पट्टीशेजारी ताणून धरलं आणि तीनदा पाहिलं. मी साठ इंचांत अर्धा इंच वाढलो होतो.

"बघ! टेपच चुकीचा," ते रिकाम्या खोलीला म्हणाले. मला लाज वाटली, पण त्यांचा जीव भांड्यात पडला म्हणून बरंही वाटलं. मिनिटभरच. मग ते खुर्चीत बसले आणि पुटपुटले, "पण कापडही यानेच मोजलं होतं."

अंग ज्या टेपने मोजलं, त्याच टेपने कापड मोजलं, तर टेपची चूक आपोआप फिटते. जन्मभर हेच शिकवत आलेल्या माणसाला त्या दिवशी हे सुचलं नव्हतं. म्हणजे टेप निर्दोष. मग तिचा हात चुकला? आजाराने थकलेल्या हातावर आपण ओरडलो? त्यांनी मला कोंबून ड्रॉवर बंद केला. लेक मला मागायला आली तेव्हा म्हणाले, "नको बेटा, ते प्रकरण राहू दे."

नऊ वर्षं मी वेटोळं घालून तेच घोळवत राहिलो. त्यांचं काय वेगळं होतं? पावलं ड्रॉवरपर्यंत यायची आणि परत फिरायची.

मापांची वही लेकीकडे होती. आईच्या कापडांच्या गाठोड्यात ती गेली होती आणि गाठोडं सोडायचा तिला धीर झाला नव्हता. नऊ वर्षांनी तिने ते सोडलं आणि त्याच दुपारी घरी आली. आल्या आल्या तिने त्या कोटाच्या मापाचं पान बाबांपुढे धरलं. त्यांचा चष्मा सापडेना, म्हणून तिनेच वाचलं.

"'टेप थोडा वाढलाय. अंगाला आणि कापडाला तोच वापरणे. यांची छाती पस्तीस. माझ्या आजारपणात दोन घास धड खात नाहीत. पूर्वीच्या मापाने अडतीसचाच कापते. मी नसले की काही दिवस लोंबेल. पुढे अंग धरतील.'"

मग लेकीने मला ड्रॉवरमधून काढलं. "बाबा, उभे राहा."

ते ताठ झाले. छाती पुढे, श्वास वर.

"अहो, कोट तुमच्यासाठी शिवतेय," लेक म्हणाली, आणि मला त्यांच्या छातीभोवती धरलं, "तुमच्या पदवीसाठी नाही. हवा सोडा."

सुटली. हसणं होतं की दुसरं काही, माझी खात्री नाही. जे कोणी घरातले जुने टेप फेकायला निघाले असतील त्यांनी जरा थांबावं, एवढंच मला सांगायचंय.

त्यांनी तीनदा मोजायला लावलं. तिन्ही वेळा अडतीस.