माशाच्या पोटातला मारुती

सोमवारी मांजरेच्या काठावर पाय ठेवायला जागा नसायची. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवे साहेब आले, नव्या पाट्या लागल्या. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहिला असावा. आमच्या गावापाशी नदीचा एक डोह उरला होता आणि त्यातल्या माशांच्या पोटातून म्हणे देव निघत होते. निलंग्याहून एसट्या भरभरून माणसं येत होती.

हा शोध वीरभद्रबाबांचा. ते पडद्याआड मासा चिरायचे, ताट घेऊन बाहेर यायचे आणि माशाच्या पोटातून चिमटीनं देवाचं चकचकीत चित्र काढून दाखवायचे. कधी गणपती, कधी मारुती.

"सात समुद्र हिंडून ह्यो देव घिऊन आलाय," बाबा सांगायचे. डोहाच्या खालच्या अंगाला नदी ठणठणीत कोरडी होती. मासा एसटीनं आला का, हे कुणी विचारलं नाही. शेजारी बाबांचा चेला उदबत्त्या विकायचा. प्लास्टिकच्या पुड्यावर देवाचं चित्र असायचं. त्याला पाय लागू नये म्हणून लोक रिकामा पुडा भक्तिभावानं डोहात सोडायचे.

यात पंचाईत झाली कोंडाबाई भोईणीची. बाबांनी डोहात जाळं टाकायला बंदी घातली होती. दुष्काळात शेतावर काम नव्हतं, तिची चूल या माशांवरच पेटायची. मी गावचा मास्तर, म्हणजे रिकामटेकडा, असं समजून ती माझ्याकडे आली. मेलेले मासे रोज काठाला लागतात आणि बाबाचा चेला टोपलीभर उचलून नेतो, असं तिनं सांगितलं. टोपलीभर मासे नेतात आणि दर्शनाला एकच कसा, हे मला कळेना.

पुढच्या सोमवारी मी बाबांना साष्टांग नमस्कार घातला. मास्तर नमस्कार घालतोय म्हटल्यावर गर्दी पुढं सरकली. देव निघताना डोळ्यांनी पाहू द्या, मी आजपासून तुमचा चेला, असं मी म्हणालो. लोकांना ही कल्पना फारच आवडली. बाबा पापी नजरेबद्दल बोलत होते, तोवर कुणीतरी पडदा ओढलासुद्धा. मागं माशांची टोपली होती. निम्मे मासे आधीच चिरून टाकलेले.

गर्दीतून कोंडाबाई पुढं आली, तिनं विळी मांडली आणि उरलेले मासे चिरायला घेतले. पहिल्या माशातून साबणाच्या वेष्टनावरची सिनेमातली नटी निघाली, केस सोडून हसणारी.

"बाबा, ही कोन्ती देवी?" कोंडाबाईनं विचारलं.

"लक्ष्मीचंच रूप हाय."

"मग साबण कशाला लावायलीय?"

लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या माशातून खताच्या पिशवीची चिंधी निघाली. तिच्यासाठी बाबांना अवतार सुचेना. तिसऱ्यातून मात्र मारुती निघाला. बाबांना मांडव घालून देणारे म्हातारे साहेबराव हात जोडून पुढं आले आणि थबकले. चित्राला उदबत्तीनं जळून भोक पडलं होतं.

"शनिवारी माझ्याच हातनं जळलं ह्ये," ते म्हणाले. "म्याच सोडलं डोहात."

त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. बाबांना वाटलं नसावं. ते तोवर एसटीत बसले होते.

मग मी लोकांना सांगितलं. माशाला देव ओळखू येत नाही. चमकेल ते खाणं समजून तो गिळतो. ते पचत नाही, आतडं तुंबतं आणि भरल्या पोटी तो उपाशी मरतो. तुम्ही जितके पुडे सोडता तितके चमत्कार होतात. बाबा नटी लपवायचे आणि देव दाखवायचे, एवढीच त्यांची विद्या. समुद्रातून इथं काही येत नाही, इथलंच तिकडं जातं. पाऊस आला की हा कचरा मांजरेतून गोदावरीत आणि गोदावरीतून समुद्रात जाणार. तिथली कासवं, मासे, पाखरं हेच गिळून मरणार.

"पण गुरुजी, देवाचं चित्र टाकावं कुठं?" साहेबरावांनी विचारलं. प्रश्न खरा होता. उत्तर कोंडाबाईनंच दिलं.

"घरात ठिवा की, मालक. तुमचा देव तुमच्या एवढ्या मोठ्या घरात मावंना, मग माशाच्या पोटात कसा मावंल?"

साहेबरावांनी मारुती खिशात घातला, धोतर खोचलं आणि पुडे गोळा करायला डोहात उतरले. मागोमाग आम्हीही उतरलो. तुम्हीही पाण्यात काही सोडण्याआधी ते कुणाच्या पोटात जाणार, एवढं विचारा.