खांबाचे बारा लिटर

आठ वर्षांपूर्वी आलेलं ते पत्र हेमराज सरांना जवळजवळ पाठ होतं. उत्तर मात्र त्यांनी दिलं नव्हतं. रावेरकडच्या अभिमन महाजन नावाच्या केळीबागायतदाराने वहीच्या पानावर शाळकरी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आपला लेख वाचला. घड कापल्यावर केळीचा खांब आम्ही बांधावर फेकतो, त्यातून गाडीत घालायचं इंधन निघतं हे वाचून आनंद झाला. रीतसर परवानगी काढून शेडमध्ये करून पाहिलं. आपण लिहिता, शंभर किलो वाळल्या भुशाला एकवीस लिटर. माझं बाराच्या वर जात नाही. माझं कुठं चुकतं, तेवढं कळवावं.’

त्याचं काहीच चुकत नव्हतं. चुकले होते हेमराज सर, आणि पत्र आलं तेव्हा त्यांना ते ठाऊक होतं.

धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता त्यांची सारी नोकरी गेली. नाव घ्यावं असा हा एकच प्रयोग, तोही शेवटच्या वर्षी. खांब वाळवून दळायचा, सोड्याच्या पाण्यात शिजवायचा, एन्झाइम घालून त्याच्या तंतूंची साखर करायची. ती साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. पण यीस्ट आधी गोड पाण्यात वाढवून घ्यावं लागतं. ग्लुकोजची बरणी संपलेली, म्हणून सरांनी गुळाचं पाणी करायला लावलं. ते पाणी यीस्टसकट प्रत्येक बाटलीत गेलं. नुसत्या गुळाची एक बाटली बाजूला ठेवून तिचं अल्कोहोल वजा करायला हवं होतं, बी.एस्सी.च्या पोरांना हे ते दरवर्षी शिकवत. स्वतःच्या वेळी राहून गेलं. लेख शेतीच्या मासिकात छापून आल्यावर महिन्याभराने वही चाळताना ध्यानात आलं, की केळीच्या नावावर आपण गुळाचं अल्कोहोल खपवलं आहे.

उद्या लिहू, असं म्हणत आठ वर्षं गेली.

निवृत्तीनंतर सर पिंप्राळ्याला राहत. दिवाळीनंतर पुतण्या ललित तिथे घरी आला. रावेरला त्याचं खतांचं दुकान होतं.

“नाना, तुमचा एक भक्त भेटला. अभिमन महाजन. तुमच्या लेखाची झेरॉक्स लॅमिनेट करून शेडमध्ये टांगलीय त्यांनी. गावातले लोक त्यांना ‘बारा लिटर’ म्हणून हाक मारतात.”

सरांनी कप खाली ठेवला. “अजून करतो तो?”

“करत होते. या महिन्याअखेर पिंपं आणि भट्टी भंगारात देणार आहेत. म्हणाले, सरांचा आकडा खरा, माझ्याच हाताला गुण नाही.” ललितने मोबाइल काढला. “फोन लावून देऊ? खूश होतील.”

“नको,” सर म्हणाले. “आत्ता नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुळ्याच्या बसमध्ये बसले. या आठ वर्षांत त्यांनी मनाशी एक समजूत जपली होती. प्रयोगशाळेतला अटेंडंट झुलाल याने गूळ सढळ हाताने टाकला असणार. तेवढं त्याच्या तोंडून वदवून घेतलं, की पत्र लिहिणं सोपं जाईल. पारोळा मागे पडेपर्यंत त्यांनी दोन वाक्यं जुळवलीसुद्धा.

धुळ्याच्या देवपुर भागातल्या घराच्या ओट्यावर झुलाल तुरीच्या शेंगा सोलत बसला होता.

“या सर. वाट चुकनात का?”

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सरांनी विचारलं, “झुलाल, त्या केळीच्या बाटल्यांत तू गूळ किती टाकायचास?”

“दोन चमचा.”

“सपाट, की शीग लावून?”

“सपाट. चाकूवरी निपटीसन. तुम्हीनच दखाडेल व्हतं.” झुलालने एक शेंग सोलली. “आनि मी तुमले इचारं बी व्हतं, सर. एक बाटली नुसता गूळनी ठेवू का? पोरेस्ना प्रॅक्टिकलले ठेवतस तशी. तुम्ही म्हनात, राहू दे, वेळ नही.”

सरांना ते आठवलं. अगदी त्या टेबलासकट आठवलं. माणूस सोयीचं तेवढं विसरतो, आणि वर दुसऱ्याच्या माथी मारायला साठ मैल बसने येतो. त्यांनी खाली मान घालून अभिमनची सगळी हकिगत सांगितली.

झुलालने हातातली शेंग खाली ठेवली आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. मग म्हणाला, “मंग मनं नाव लिखी द्या. झुलालनी गूळ जास्ती टाका म्हना. मी रिटायर शे, मनं काय बिघडस? लेखमा मनं नाव नव्हतं, चूकमा तरी येऊ द्या.”

तो टोमणा होता की माया, सरांना कळलं नाही. ज्याच्यासाठी आलो ते आयतं ताटात वाढलं गेलं, आणि आता त्याला हात लावायचीही लाज वाटली.

“कागद आहे का रे?” त्यांनी विचारलं.

झुलालने नातीची वही आणून दिली. दोन कागद चुरगळून झाले. तिसऱ्यावर लिहिलेलं सरांनी वाचून दाखवलं:

‘श्री. अभिमन महाजन यांस. आपलं पत्र आठ वर्षांपूर्वी मिळालं होतं. आपलं काही चुकत नाही. बहुधा माझ्या मोजणीत—’

“बहुधा काब्र? कशाले?” झुलालने विचारलं.

सरांनी ‘बहुधा’ खोडलं.

‘माझ्या मोजणीत गूळ धरला गेला. माझे सहायक झुलाल यांनी तेव्हाच विचारलं होतं, मी ऐकलं नाही. एकवीस खोटे. आपले बारा खरे, आणि शेडमध्ये बारा काढणं माझ्याच्याने झालं नसतं. पत्र आलं तेव्हाही हे मला माहीत होतं. लाजेने लिहिलं नाही. मासिकालाही दुरुस्ती कळवतो आहे. पिंपं भंगारात देऊ नयेत, ही विनंती.’

“आता बराबर,” झुलाल म्हणाला, आणि चप्पल घालून त्यांच्याबरोबर पोस्टापर्यंत आला.

खिडकीतल्या बाईने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. “पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता राहिलाय, काका.”

सरांनी पाकीट परत घेतलं. खिडकीच्या फळीवर टेकून सावकाश पूर्ण नाव लिहिलं, खाली पिंप्राळ्याचा पत्ता लिहिला, आणि पाकीट पुन्हा आत सरकवलं. बाईने ते तोललं, शिक्का मारला आणि मागच्या थैलीत टाकलं.